धाब्याचे घर आणि लाल वही

‘पांझरेकाठचे आपले शेत सरकारने नेले.’

लहानपणी आमच्या दादीच्या तोंडून हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. सायंकाळी चौविहार आटोपला की ती ओट्यावर बसे आणि गावाकडच्या गोष्टी सांगे. गोष्ट दुभत्या म्हशीची असो, आखाजीच्या झोक्याची असो की घरी आलेल्या सतीजींच्या पारण्याची, शेवट बहुधा त्या शेतापाशी येऊन थांबे. तिच्याकडून ते वाक्य वडिलांकडे आले, वडिलांकडून आम्हा भावंडांकडे आले. आम्हीही ते आमच्या मुलांना जसेच्या तसे सांगितले. वारसाहक्काने मिळालेल्या वस्तू आपण तपासून घेतो, वारशाने मिळालेली वाक्ये मात्र कधी तपासत नाही.

गेल्या वर्षी धुळे जिल्ह्यातील गावचे जुने घर विकावे, असा विचार आम्हा चुलत भावंडांत सुरू झाला. घर रिकामे करण्यासाठी गेलो, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याच्या सतरा वह्या सापडल्या. रद्दीवाला दारात उभाच होता. त्या वह्या त्याच्या काट्यावर गेल्या असत्या, तर हा लेख लिहिला गेला नसता आणि दादीचे ते वाक्यही आमच्या घरात जसेच्या तसे राहिले असते.

लोटा-दोरी आणि त्यानंतर

आपल्या समाजातील बहुतेक घरांचा इतिहास एकाच वाक्यात आटोपतो. ‘वडीलधारे मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आले आणि कष्टाने मोठे झाले.’ वाक्य खोटे नाही, पण फार आखूड आहे. लोटा-दोरी आणि आजचे जळगाव-धुळ्याचे दुकान यांच्यामध्ये तीन-चार पिढ्यांचा काळ उभा आहे, आणि तो काळ शहरात नव्हे, खेड्यात गेला आहे.

या वाटेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे वाकोदचे जैन घराणे. जोधपूरजवळच्या आगोलाई गावाहून हे कुटुंब १८८७ साली जामनेर तालुक्यातील वाकोद येथे आले. जळगावहून अजिंठ्याकडे जाताना नेरी, पहूर ओलांडले की वाकोद लागते. पुढे फर्दापूर आणि मग लेण्यांचा डोंगर. याच गावी १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलालजी जैन यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाल्यावर सरकारी अधिकारपदाची संधी समोर होती. ती सोडून त्यांनी व्यापाराची वाट धरली, आणि त्या निर्णयात आईचा मोठा वाटा होता, असे ते सांगत. १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी जळगावात रॉकेल विक्रीचा व्यवसाय सुरू केला. हे सात हजार रुपये म्हणजे घराण्याच्या तीन पिढ्यांची शिल्लक होती.

तीन पिढ्या आणि सात हजार रुपये! हा आकडा वाचून क्षणभर थांबावे. आगोलाईहून वाकोदला आल्यापासून पाऊण शतक या कुटुंबाने खेड्यात काढले आणि त्यातून एवढीच पुंजी हाती राहिली. ‘मारवाडातून आले आणि मोठे झाले’ या दोन क्रियापदांमध्ये केवढे अंतर आहे, हे त्या आकड्यातून कळते.

लोक खानदेशातच का आले, याचे उत्तर अर्धे मारवाडात आणि अर्धे तापीच्या खोऱ्यात आहे. मारवाडात पाऊस बेभरवशाचा आणि दुष्काळ पाठोपाठ येणारे. इकडे तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांच्या काठची काळी कसदार जमीन. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव-भुसावळवरून पुढे गेला. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला आणि तापीच्या खोऱ्यातून सुरत-अमळनेर मार्ग सुरू झाला. स्थानकांभोवती जीन-प्रेस उभे राहिले. कापूस वेचणाऱ्या शेतकऱ्यापासून जीनपर्यंतचा माल गोळा करायला गावात राहणारा माणूस हवा होता. मारवाडातून आलेला एखादा पुतण्या प्रथम काकाच्या दुकानी गुमास्ता म्हणून राही आणि चार-सहा वर्षांनी शेजारच्या गावी स्वतःचे किराणा-धान्याचे दुकान मांडी. अशा रीतीने एकेका गावात आपली दोन-चार घरे झाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तोवर ही घरे गावच्या पांढरीत चांगलीच रुजली होती.

घर नव्हे, एक लहानसे गाव

आमचे घर खानदेशातल्या इतर घरांसारखे धाब्याचे होते. सागाच्या तुळया, त्यांवर दाटीने बसवलेल्या किलच्या आणि त्यांवर खारी मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी टाकणे हे वर्षातले मोठे काम. ते चुकले, तर आषाढात माजघरात भांडी मांडून बसावे लागे. पुढे ओटा आणि दुकान, मध्ये चौक, मागे गोठा. भिंतीत धान्याचे बळद, जमिनीखाली पेव. एका बाजूला सरकी आणि कडब्याची गंजी. दुकानातला तराजू पुढच्या दाराला आणि ताकाची रवी मागच्या दाराला, अशी त्या घराची दोन तोंडे होती.

पुढच्या दाराचा इतिहास पुरुषांनी वह्यांत लिहून ठेवला. मागच्या दाराचा इतिहास बायकांचा आणि तो कुणीच लिहिला नाही. आमची दादी पहाटे उठून विहिरीचे पाणी गाळी. गाळून झाल्यावर गळणे उलटे करून त्यातले जीव त्याच विहिरीच्या पाण्यात परत सोडी. त्याला ती ‘जीवाणी’ म्हणे. दूध विकले जाई, तूप विकले जाई. पण ताक विकायचे नाही, हा घराचा नियम होता. सकाळी मागच्या दारी लोटे घेऊन पोरे उभी राहत आणि ताक संपेपर्यंत दादी रवी खाली ठेवत नसे. चातुर्मासात मुगाच्या मंगोड्या आणि पापड हाच भाजीचा आधार. भरताच्या मुलखात राहून आमच्या घरी वांग्याचे भरीत कधी झाले नाही. पण कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे आणि वरण-बट्टी ही मारवाडातून आलेल्या त्या चुलीने आपलीच मानली. बट्टीशी तर तिची जुनीच ओळख होती. तिकडे तिला बाटी म्हणत, एवढाच फरक.

भाषेचेही असेच. दादी घरात मारवाडी बोले, मागच्या दारी अहिराणी, आम्हा शाळकरी नातवंडांशी मराठी, आणि सामायिकाला बसली की तिच्या ओठांवर प्राकृत असे. तिला अक्षर-ओळख नव्हती. चार भाषांत जगलेल्या त्या बाईला ‘अडाणी’ म्हणताना आज जीभ अडखळते.

शेती करावी की न करावी, हा आपल्या घरांतला जुना प्रश्न. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याच्या धंद्याचा, म्हणजे फोडीकर्माचा, समावेश आहे. दुसऱ्या बाजूने असि, मसि आणि कृषि या विद्या मानवाला प्रथम भगवान ऋषभदेवांनीच शिकविल्या, असे आपले शास्त्र सांगते. या दोहोंमधली वाट बहुतेक घरांनी आपापल्या परीने काढली. जमीन ठेवली, पण नांगर सालदाराच्या किंवा कुळाच्या हाती दिला. ऋषभदेवांच्या वर्षीतपाचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने झाले, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. खानदेशात त्याच दिवशी आखाजी. माहेरवाशिणी झोके घेतात, आणि सालदाराचे जुने साल संपून नवे सुरू होते. आमच्या चौकात सकाळी वर्षीतपाच्या पारण्याच्या उसाच्या रसाची तयारी चाले आणि दुपारी त्याच चौकात सालदारांचे हिशेब होत. दोन परंपरा एकाच दिवशी, एकाच अंगणात नांदत होत्या.

वही काय सांगते

आता त्या सतरा वह्यांकडे येतो. पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागितलेली. त्यापुढचा मजकूर आम्हाला वाचताच येईना. ती महाजनी लिपी. तिच्यात काना-मात्रा नाहीत. ‘काकाजी अजमेर गया’ असे लिहिलेले ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड झाली, हा आपल्या समाजातला जुना विनोद याच लिपीवरचा. धुळ्यातील एका वयोवृद्ध मुनीमजींकडे वह्या घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून, बोटाने ओळ धरून, सात-आठ रविवारांत त्यांतली बरीच पाने मला वाचून दाखविली.

संवत १९५६ च्या वहीशी आम्ही पोहोचलो, तेव्हा मुनीमजी म्हणाले, ‘‘हे छप्पन्याचे साल. सावकाश वाचू.’’

संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. मारवाडात या दुष्काळाला अजूनही ‘छप्पनिया काळ’ म्हणतात. त्याची झळ खानदेशालाही लागली. त्या वर्षीच्या पानांवर आमच्या पणजोबांच्या हातच्या नोंदी आहेत. एका शेतकऱ्याच्या नावे दादर, बाजरी आणि बी-बियाणे. पुढे ‘सवाई’ असा शेरा. सवाई म्हणजे एक मण धान्य नेले, तर सुगीला सव्वा मण परत. दोन पाने उलटली की त्याच नावापुढे रोख रक्कम, मग व्याज, मग गहाणखत. आणि संवत १९६१ च्या वहीत, एका ओळीत, पांझरेकाठच्या त्या शेताचे खरेदीखत. ज्याचे शेत होते, तोच पुढच्या ओळीत आमचे कूळ झाला होता आणि दरवर्षी त्याच शेताचा खंड आमच्या दुकानी आणून भरत होता.

ती जमीन साधी नव्हती. पांझरेच्या काठी शेकडो वर्षांपासून फड पद्धतीने पाणी वाटले जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि त्याखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची, आणि पाणी पाळीने घ्यायचे. शेत मालकाच्या नावे असो की सावकाराच्या, पाटकरी आणि जागल्या यांच्यापुढे सर्व सारखेच. अशा फडातले बारमाही ओलीचे शेत हातून जाणे म्हणजे शेतकऱ्याच्या घराचा कणाच जाणे.

पणजोबांनी काही बेकायदेशीर केले, असे वही सांगत नाही. कायद्याने तो व्यवहार पक्का होता. दुष्काळात धान्य देणारा गावात दुसरा कोणीही नव्हता, हेही खरे. परंतु त्या काळच्या अशा व्यवहारांविषयी शेतकऱ्यांच्या मनात काय साचले होते, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरांतली कर्जखते काढून जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९४६ साली सावकारी नियमनाचा आणि १९४८ साली कुळांचा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

हाच तो दिवस, जेव्हा ‘सरकारने आपले शेत नेले.’

मुनीमजींनी पुढची वही उघडली. तिच्यात आजोबांचे अक्षर होते. जमिनीची ठरवून दिलेली किंमत कुळाकडून हप्त्याहप्त्याने जमा झाल्याच्या नोंदी होत्या. एकही हप्ता चुकला नव्हता. शेवटच्या हप्त्यापुढे आजोबांनी एक आडवी रेघ मारून खाते बंद केले होते.

मुनीमजींनी चष्मा काढला. म्हणाले, ‘‘भाऊ, शेत कुणी नेले नाही. ते परत गेले. आणि जाताना दाम देऊन गेले.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दादी खोटे बोलत नव्हती. तिचे लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा शेत आमचेच होते आणि तिच्या देखत ते गेले. ते आले कसे, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. हप्त्यांचे हिशेब पुढच्या दाराचे होते, आणि तिचे आयुष्य मागच्या दारी गेले. तिच्या परीने तिने जे पाहिले, तेच सांगितले. चूक तिची नव्हे. घरात वही असून ती कधी न उघडणाऱ्या आम्हा शिकलेल्यांची होती.

किल्ली ज्यांच्याकडे आहे ते

आमच्या बंद घराची किल्ली गेली तीस-पस्तीस वर्षे शेजारच्या आप्पांकडे आहे. वय सत्तरीच्या पुढे. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी टाकून घेणे, दिवाळीला ओट्यावर पणती लावणे ही कामे ते कुणी न सांगता करीत आले. आम्ही दरसाल त्यांना मिठाईचा डबा पाठवीत आलो आणि आपण फार चांगले वागतो, असे समजत आलो. संवत १९५६ च्या पानावर ज्यांचे नाव होते, ते आप्पांचे आजोबा.

संवत्सरीला आपण क्षमापनेची पत्रे पाठवितो. व्यापारी, नातलग, व्याही यांची यादी तयार असते. त्या यादीत आप्पांचे नाव कधीच नव्हते. यंदा संवत्सरी झाल्यावर मी पत्र न पाठविता स्वतः गावी गेलो. वहीचे पान आणि त्याचे मराठी अक्षरांतर त्यांच्यापुढे ठेवले, आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले.

आप्पांनी कागद वाचला. त्यांना नवल वाटले नाही. त्यांच्या घरात ही हकीकत सर्वांना ठाऊक होती. त्यांच्या आजीनेही ती ओट्यावर बसून सांगितली होती. फक्त तिचे वाक्य वेगळे होते. ‘दुष्काळात पोरे जगली, शेत गेले.’ धान्य दिल्याची आठवण आणि शेत घेतल्याची आठवण, दोन्ही त्या एका वाक्यात होत्या. आमच्या वाक्यात मात्र या दोहोंपैकी एकही नव्हती.

काही वेळाने ते अहिराणीत म्हणाले, ‘‘भाऊ, ते कागद आते ना तुमना, ना आमना. गावना शेतस.’’ म्हणजे ते कागद आता गावाचे झाले आहेत. मग त्यांनी चहा मागविला; सूर्यास्त जवळ आला आहे, हे ध्यानात ठेवून घाईनेच मागविला. तीस वर्षांत मी त्यांचा एकही नियम पाळला नव्हता. त्यांना मात्र माझे सर्व नियम पाठ होते.

घरे का बंद झाली

आपली गावाकडची घरे एका दिवसात बंद पडली नाहीत. कुळकायद्याने जमिनी गेल्या किंवा घटल्या. सावकारीवर निर्बंध आले आणि सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावात कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीदाराचे काम एका हंगामात थांबले. त्याच साली मोठा दुष्काळ पडला. मुलांची शाळा-महाविद्यालये जळगाव, धुळे, पुण्याला. मुलींची स्थळेही शहरातली. एकेक भाऊ निघाला आणि शेवटी गावात एक म्हातारी, एक गाय आणि एक कुलूप उरले.

काहींनी मात्र शहरात जाऊनही शेताकडे परतण्याची वाट शोधली. भवरलालजींनी १९७८ साली केळीची भुकटी करण्याचा जुना कारखाना विकत घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन शुद्ध करण्याचे काम सुरू केले. १९८० मध्ये पाण्याचे पीव्हीसी पाइप आले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. जळगावजवळच्या उघड्या टेकडीवर पाणी अडवून त्यांनी हिरवाई उभी केली. २०१२ साली तेथे गांधी तीर्थ उभे राहिले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेला उद्योग सर्वांना दिसतो. येथे आठवण करून द्यायची आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पत्नी कांताबाईंच्या सहजीवनाविषयी त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाने घरातल्या बाईचे आयुष्य कागदावर आणण्यासाठी वेळ काढला. मागच्या दाराचा इतिहास असाच लिहिला जातो.

या चातुर्मासात एवढे करू या

धुळ्यातच आपल्याला दुसरे उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावी फिरले. लोकांच्या माळ्यांवरची, रद्दीत जाऊ घातलेली दप्तरे त्यांनी मिळविली आणि त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथाचे २२ खंड सिद्ध झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा देह पडला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी दुसऱ्यांच्या घरचे कागद जपण्यासाठी आयुष्य वेचले. आपल्याला तर फक्त स्वतःच्या घरचा माळा उघडायचा आहे.

वह्या असतील, तर त्या विकू नका, पाण्यात विसर्जितही करू नका. मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. महाजनी वाचणारे मुनीमजी आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्याकडे आधी जा, कारण कागद काही वर्षे थांबेल, माणूस थांबेलच असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंजवळ बसा आणि साधे प्रश्न विचारा. लग्न होऊन आलात, त्या दिवशी घरात किती माणसे होती? पाणी कोठून आणत होता? सालदाराचे नाव काय? दुष्काळात काय खाल्ले? गावात तुमची मैत्रीण कोण? सुरुवातीला त्या म्हणतील, ‘‘आमचे काय लिहायचे?’’ त्याकडे लक्ष देऊ नका. आणि घराण्याच्या इतिहासात अवघड पान आले, तर ते गाळू नका. आपण पाणी गाळतो, ते जीव वाचविण्यासाठी. इतिहास गाळला, तर त्यातला जीवच निघून जातो.

गावाकडचे घर विकण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. साधू-साध्वीजींचा विहार आजही पायीच होतो. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या वाटेवर आणि आतल्या खेड्यांत आपले एखादे घर उघडे असेल, तरच त्यांना गोचरी आणि धोवण मिळते. एकेका कुलपामागे त्या वाटेवरचा एक मुक्काम कमी होत चालला आहे.

आमच्या घराविषयी आम्हा भावंडांचा निर्णय असा झाला. मागचा गोठा आणि वखार विकायची. पुढचा ओटा आणि दोन खोल्या विहारासाठी राखायच्या. मूळ वह्या धुळ्याच्या घरी कपाटात आहेत. त्यांच्या छायाप्रतींचा एक संच आप्पांच्या घरी आहे, कारण त्यांतला निम्मा इतिहास त्यांचा आहे. किल्लीही त्यांच्याकडेच आहे.

परवा माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, ‘‘दादाजी, आपले शेत होते का?’’ जुने वाक्य ओठांवर आले होते. ते परतवून मी म्हणालो, ‘‘शेत आप्पांच्या आजोबांचे होते. दुष्काळात आपण त्यांना धान्य दिले आणि मग त्यांचे शेत घेतले. पन्नास वर्षांनी त्यांनी ते पैसे देऊन परत नेले. आणि तरीही आपल्या घराची किल्ली ते सांभाळतात.’’

तिने थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘मग आपण त्यांचे काय सांभाळतो?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्या सतराही वह्यांत नाही. ते आता आम्हालाच लिहायचे आहे.